भोवऱ्यावरचे शंभर भाग

दोन वर्षांपूर्वी मी एक छोटा गेम बनवला. हिरोभोवती एक वर्तुळ होतं. ताकद पूर्ण असली की हिरवं, संपत आली की लाल. मधल्या छटांसाठी कोडची एकच ओळ पुरली: लर्प, म्हणजे लिनिअर इंटरपोलेशन. दोन रंग आणि 0 ते 1 मधला एक आकडा द्यायचा. आकडा 0.3 असेल, तर पहिल्या रंगाकडून दुसऱ्याकडे जाताना 30 टक्के वाटेवर लागणारा रंग मिळतो.

गेम पहिल्यांदा खेळला माझा मामेभाऊ. तो सारखा मरत होता. "अरे, लाल झालं की पळ ना!" मी ओरडले.

"लाल कधी झालं?" त्याने विचारलं.

त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नाही.

तेव्हापासून मी त्या एका ओळीचा इतिहास खणत बसले. 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये न्यूटनने सात रंग एका वर्तुळावर मांडले. मिश्रण काढायचं, तर प्रत्येक रंगाला प्रमाणानुसार वजन द्यायचं आणि सगळ्यांचा गुरुत्वमध्य शोधायचा. रंग दोनच असतील, तर तो मध्य त्यांना जोडणाऱ्या रेषेवर पडतो. लर्प हेच करतं.

पुढचं काम जेम्स क्लार्क मॅक्सवेलने चक्क भोवऱ्यावर केलं. रंगीत कागदाच्या तबकड्यांना चीर पाडून तो त्या एकमेकींत सरकवायचा, म्हणजे कुठला रंग किती दिसावा हे ठरवता यायचं. कडेला 100 भाग आखलेले. भोवरा फिरला की डोळ्यात रंग मिसळायचे. 1855 मध्ये त्याने नोंदवलं: शेंदरी 37, निळा 27, हिरवा 36 भाग घेतले, तर काळ्या-पांढऱ्या तबकडीसारखाच करडा दिसतो. आणि हाच भोवरा त्याने रंगांधळ्या माणसांनाही दाखवला. त्यांना जुळणी साधायला एक तबकडी कमी पुरत होती. म्हणजे माझ्या भावासारख्यांचा हिशेब मिश्रणाच्या शास्त्रात तेव्हापासूनच होता. माझ्या कोडमध्ये मात्र नव्हता.

1971 मध्ये युटा विद्यापीठात ऑंरी गुरोने त्रिमितीय आकृतीच्या कोपऱ्यांवरचे रंग मधल्या पृष्ठभागावर असेच पसरवले आणि कॉम्प्युटरवरचे खडबडीत आकार गुळगुळीत दिसू लागले. पण स्क्रीनची एक गोम आहे. 255 पैकी 128 हा आकडा निम्मा उजेड देत नाही, जेमतेम 22 टक्के देतो. म्हणून साध्या लर्पने हिरव्या-लालच्या मधोमध शेवाळासारखा मळकट रंग येतो. आकडे आधी खऱ्या उजेडात बदलून मग मिसळले, तर तिथे 128 ऐवजी 188 येतो आणि पिवळा उजळतो.

मी ती दुरुस्तीही केली, पण भावाचा प्रश्न तिने सुटणार नव्हता. गणित कितीही अचूक असलं, तरी दोन्ही टोकं त्याला सारखीच दिसत असतील तर मधल्या वाटेचा काय उपयोग? मग टोकंच बदलली: गडद निळा आणि फिकट पिवळा. शिवाय ताकद घटते तसं वर्तुळही आता तुटत जातं.

परवा त्याने माझा स्कोअर मोडला. स्क्रीनशॉट अजून रोज पाठवतोय.