गाडीचा नंबर आणि माणसाची बाजू



रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या गाडीचा नंबर कॅमेऱ्याने टिपावा, यंत्राने तो वाचावा आणि मालकाच्या मोबाइलवर दंडाचा निरोप जावा, अशी व्यवस्था आज जगातील पुष्कळ शहरांत चालू आहे. ती आपल्या गावापासून दूर आहे अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७-अ हा नवा नियम आला. राज्य सरकारांनी महामार्गांवर आणि मोठ्या शहरांतील महत्त्वाच्या चौकांत असे कॅमेरे बसवावेत, असे त्यात सांगितले असून १३२ शहरांची यादी जोडली आहे. कॅमेऱ्याने पकडावयाच्या गुन्ह्यांत वेगमर्यादा, हेल्मेट, लाल दिवा यांच्या जोडीला नको त्या जागी गाडी उभी करणे हाही गुन्हा आहे. यादीतील सर्वाधिक शहरे, म्हणजे १९, आपल्या महाराष्ट्राची आहेत. त्यांत जळगाव आहे, धुळे नाही.

जळगाव त्यात कसे आले? २०११ च्या जनगणनेत जळगावची वस्ती चार लाख साठ हजारांच्या आसपास होती. तेव्हा मोठे शहर म्हणून ते आलेले नाही. ज्या शहरांच्या हवेतील धूलिकण ठरलेल्या मर्यादेत राहत नाहीत, अशा शहरांसाठी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, आणि त्या वाटेने जळगावचे नाव या यादीत गेले. नावातच धूळ असलेले धुळे बाहेर राहिले आणि धुळीपायी जळगाव आत गेले, हा योगायोग गमतीचा खरा. परंतु मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग ज्या धुळ्याशी एकमेकांना छेदतात, त्या धुळेकरांनीही निश्चिंत राहू नये. महामार्गांना हा नियम लागू आहेच.

मी मोटारीचा तज्ज्ञ नाही आणि वकीलही नाही. हमाल, रिक्षावाले, टेम्पोचालक यांच्या संघटनेत माझी वर्षे गेली. कायदे वाचायला शिकलो तो लोकांची प्रकरणे चालवता चालवता आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. म्हणून यंत्र चांगले की वाईट हा वाद मी घालणार नाही. हा नंबर आला कुठून, कोणाला प्रथम मिळाला आणि त्याच्याकडून कोणते काम घेण्यात आले, एवढे पाहू. इतिहासाचा उपयोग असा की, नवी दिसणारी वस्तू किती जुनी आहे ते त्यावरून कळते.

गाडीला नंबर देण्याची कल्पना मोटारीच्या आधीची आहे. मुंबई शहरात भाड्याच्या वाहनांसाठी १८६३ मध्ये कायदा झाला आणि १९२० मध्ये पुन्हा नवा झाला. परवाना, गाडीवर क्रमांक आणि हाकणाऱ्याच्या अंगावर बिल्ला, हे व्हिक्टोरियावाल्याच्या रोजच्या जगण्याचे भाग होऊन बसले. हे कायदे भाड्याच्या वाहनांचे होते. शेटजींच्या स्वतःच्या बग्गीला ते लागू नव्हते. रस्त्यावर जो पोट भरतो त्याला नंबर आधी मिळाला, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मोटार आली आणि हा भेद मोडला. मोटार ही प्रारंभी श्रीमंताची वस्तू. ती माणसाला उडवून पळून जाऊ शकत होती, आणि पळणाऱ्याला ओळखायचे तर पाटीवाचून उपाय नव्हता. पॅरिसच्या पोलिसांनी १८९३ मध्ये मोटारींवर पाटी सक्तीची केली. इंग्लंडमध्ये १९०३ चा कायदा होऊन १ जानेवारी १९०४ पासून मोटारींना नंबर आले. हिंदुस्थानात १९१४ मध्ये पहिला अखिल भारतीय मोटार कायदा झाला, त्यानंतर १९३९ चा, आणि आज चालू आहे तो १९८८ चा. हा शेवटचा कायदा १ जुलै १९८९ रोजी अमलात आला आणि आजची मालिका सुरू झाली. एमएच १८ म्हणजे धुळे, एमएच १९ म्हणजे जळगाव. नऊ वर्षांनी, १ जुलै १९९८ रोजी, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याला ३९ मिळाला. १९०६ मध्ये इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले होते. ती वाटणी आज प्रत्येक मोटारसायकलच्या पाठीवर लिहिलेली दिसते.

आता गाडी उभी करण्याचा प्रश्न. १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा शहरात जगातील पहिले पार्किंग मीटर बसले. ते कार्ल मॅगी नावाच्या एका वृत्तपत्राच्या संपादकाच्या खटपटीने. कचेऱ्यांतील लोक सकाळी गाड्या लावून संध्याकाळपर्यंत हलवीत नसत, त्यामुळे गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही, ही व्यापाऱ्यांची तक्रार होती. तासाला पाच सेंट हा दर ठरला. परंतु दराहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक मीटरपाशी सुमारे वीस फुटांची जागा रंगाने आखून दिलेली होती. आधी जागा, मग पैसा.

नंबर वाचणारे यंत्र इंग्लंडच्या पोलिसांच्या संशोधन शाखेत १९७६ मध्ये जन्मास आले. हेतू चोरीच्या गाड्या शोधण्याचा होता, आणि १९८१ मध्ये त्याच्या साह्याने पहिली चोरीची गाडी पकडली गेली. १७ फेब्रुवारी २००३ पासून लंडनच्या मध्यभागी शिरणाऱ्या गाड्यांवर आकार बसवला गेला, तो याच यंत्राच्या भरवशावर. चोर शोधण्यासाठी केलेले यंत्र पंचवीस-तीस वर्षांत कर आणि दंड गोळा करू लागले. आणि पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ज्या इंग्लंडात हे यंत्र जन्मले, तेथेच २०१५ मध्ये पार्लमेंटने कायदा करून, नुसत्या कॅमेऱ्याच्या पुराव्यावर पार्किंगची दंडपावती टपालाने धाडण्यास बहुतेक ठिकाणी मनाई केली. शाळेचा दरवाजा, बसथांबा, बसची मार्गिका असे मोजके अपवाद ठेवले. पार्किंगचा गुन्हा जागेवर जाऊन पाहावा लागतो, हे तेथील अनुभवाने पटले होते.

तो का पाहावा लागतो, याचे उत्तर आपल्याच कायद्यात आहे. १९८८ च्या कायद्याचे १२२ वे कलम म्हणते की, सार्वजनिक ठिकाणी धोका, अडथळा किंवा इतरांची अवाजवी गैरसोय होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवू नये. यातला ‘अवाजवी’ हा शब्द पाहावा. दाणाबाजारात टेम्पोतून तुरीची पोती उतरत आहेत, पाठीवर पोते घेतलेला हमाल दुकानात गेला आहे आणि चालक मागचे फळकूट धरून उभा आहे. रस्ता अडला का? अडला. अवाजवी अडला का? याचा निवाडा माणसालाच करावा लागेल. यंत्र हे सांगू शकत नाही. त्याला एकच प्रश्न कळतो: ही गाडी कोणाची? कायदा विचारतो, काय घडले. आणि यंत्र उत्तर देते, नाव काय. या दोन्हींमध्ये जे अंतर आहे त्यात गरीब माणूस चिरडला जातो.

कारण दंडाचा निरोप मालकाला जातो आणि दंड बहुधा चालकाच्या रोजातून कापला जातो. आमच्याकडे येणाऱ्या मालवाहू रिक्षाचालकांची ही नित्याची तक्रार आहे. त्या दिवशी आपण कुठे होतो, दुकानदाराने कुठे थांबायला सांगितले होते, हे त्याला महिन्याने आठवत नाही. तो निरोप त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलेलाच नसतो.

शिवाय यंत्राचे वाचनही निर्दोष नसते. पाटी मळलेली असते, वाकलेली असते. आणि आपल्या महाराष्ट्रात हौसेला मोल नाही. इंग्रजी आकड्यांतील चार-एक-चार-एक असे वळवावयाचे की ‘दादा’ वाचले जावे, दोन-एक-चार असे की ‘राम’ दिसावा. माणूस हसतो आणि वाचतो, यंत्र गोंधळते. सरकारने १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एकसारखी, सुरक्षित पाटी सक्तीची केली आणि मग जुन्या गाड्यांनाही ती लावण्याचा हुकूम काढला, ज्याची मुदत महाराष्ट्रात वारंवार वाढवावी लागली. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून पेट्रोल पंपांवर नंबर वाचणारे कॅमेरे लावून जुन्या गाड्यांना इंधन नाकारण्याचा प्रयोग झाला. पण व्यवस्थेतील तांत्रिक दोष तेथील सरकारलाच मांडावे लागले आणि काही दिवसांत तो स्थगित झाला.

मंडळी, नंबराने ओळखले जाणे ही गोष्ट खानदेशच्या कामगाराला नवी नाही. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल, यांच्या दारातून पिढ्यान्‌पिढ्या माणसे आत गेली ती बिल्ल्याच्या नंबराने. नंबर असणे ही तक्रार कामगाराने कधी केली नाही. हजेरी लागायला नंबर हवाच. तक्रार होती ती अशी की, नंबरापुढे खूण पडली की पगार कापला जाई आणि का कापला हे विचारण्याची सोय नसे. या देशातील कामगारांच्या लढ्यांतून १९४६ मध्ये स्थायी आदेशांचा केंद्रीय कायदा झाला, आणि त्याच वर्षी मुंबई इलाख्यात औद्योगिक संबंधांचा. कारखान्याचे नियम लिहून भिंतीवर लावावे लागले, आरोप लेखी द्यावा लागला, कामगाराचा खुलासा ऐकून घ्यावा लागला. नंबर तोच राहिला, पण त्याच्या मागच्या माणसाला तोंड मिळाले. मिलची भोंग्यांची गावे आता शांत झाली, तरी ही कमाई विसरण्यासारखी नाही.

गाडीच्या नंबरालाही ही कमाई लागू करता येते, आणि तिच्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही. कायद्याचे ११७ वे कलम वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार सरकारला, स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून, देते. २०२१ चा नियम सांगतो की कॅमेऱ्याच्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, यंत्राला मान्यतेचा दाखला हवा आणि तो दरवर्षी नवा करावा, गुन्ह्याचे चित्र, वेळ आणि ठिकाण चलानावर हवे, आणि सूचना पंधरा दिवसांच्या आत पोहोचावी. म्हणजे कायद्याने क्रम घालून दिला आहे: जागा, फलक, सूचना, खुलासा आणि शेवटी दंड. यंत्र विकत घेतल्याने यातली फक्त शेवटची पायरी सोपी होते. पहिल्या चार पायऱ्या गाळून पाचवीवर उडी मारणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

धुळेकरांना पुरावा म्हणजे काय हे मी सांगावे असे नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांचा अंत १९२६ च्या अखेरीस याच शहरात झाला, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या नावाने येथे संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढणाऱ्या या पुरुषाचा हट्ट एकच होता: अस्सल कागद दाखवा. तो कोणी लिहिला, केव्हा लिहिला, मूळ आहे की नक्कल, हे पाहिल्याशिवाय कागदाला मान नाही. कॅमेऱ्याचे चित्र हाही एक कागदच आहे. तो अस्सल आहे का, यंत्राचा दाखला चालू आहे का, फलक कुठे होता, हे विचारणे म्हणजे कायदा मोडणे नव्हे. ते कायदा पाळायला लावणे आहे. थकलेली चलाने लोकअदालतीत निम्म्या-पाऊण रकमेवर मिटतात, परंतु तडजोडीत आरोप खरा होता की खोटा हे ठरत नाही.

आणि जागेचे म्हणाल, तर आपली दोन्ही शहरे गाड्यांसाठीच वाढली. कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास धुळ्याची नवी पेठ सरळ, रुंद रस्त्यांनी आखली. जळगाव रेल्वे आल्यावर आणि १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेतील यादवीने कापसाला भाव चढल्यावर पुढे आले. बैलगाडी कुठे सोडायची, बैलांना पाणी कुठे पाजायचे, याचा विचार त्या बाजारपेठांना करावाच लागला, कारण गाडी थांबल्याशिवाय कापूस उतरत नाही. आज त्याच रस्त्यांवर टेम्पो, रिक्षा, मोटारसायकल आणि हातगाडी आहे, आणि माल अजूनही गाडी थांबल्याशिवाय उतरत नाही.

म्हणून नागरिकांनी आपल्या महापालिकेपुढे चार साध्या मागण्या ठेवाव्यात. माल उतरवण्याच्या जागा आणि वेळा प्रत्येक बाजारात आखून द्याव्यात. रिक्षाथांबे रंगाने दाखवावेत. जेथे कॅमेरा तेथे मराठीत मोठा फलक असावा. आणि दंडावर हरकत घ्यायला मोबाइलशिवाय एक खिडकी असावी, जिच्यापलीकडे नावाचा माणूस बसलेला असेल आणि चालकालाही, केवळ मालकालाच नव्हे, आपली बाजू मांडता येईल. एवढे झाल्यावर कोणी रस्ता अडवला, तर त्याला दंड जरूर व्हावा. त्यात रिक्षावालाही आला आणि शेटजींची मोटारही आली. रुग्णवाहिका अडकते तेव्हा आतला रोगी आपल्यातलाच असतो.

नंबर वाचायला यंत्राला क्षणभर पुरतो. खुलासा ऐकायला दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे आपली नगरपिते मंडळी कुठे आणि कोणाच्या हाती ठेवणार आहेत, हे यंत्राच्या खरेदीचा ठराव येईल त्याच दिवशी विचारा.