ज्योतीवर चालणारी शीतपेटी आणि तिची पाणसळ

अमेरिकेंतील मोटारघरांच्या तळावर संध्याकाळीं एखादें वाहन येऊन थांबलें, म्हणजे त्याचा धनी आधीं चूल पेटवीत नाहीं कीं अंथरूणहि पसरीत नाहीं. तो खालीं उतरतो, जमिनीचा उतार न्याहाळतो, सखल बाजूच्या चाकांखालीं लांकडाच्या फळ्या घालतो आणि पाणसळींतील बुडबुडा मध्यावर आला कीं नाहीं हें पाहतो. गवंड्याला पाणसळ घर बांधतांना लागते. या फिरत्या घराला मात्र ती दर मुक्कामीं लागते. निजणाऱ्याचें डोकें खालीं येऊं नये एवढाच या खटाटोपाचा हेतु नसतो. त्याचें खरें कारण शीतपेटीच्या पाठीमागील नळ्यांत दडलेलें आहे, आणि तें समजण्यासाठीं दीड शतकाहून अधिक मागें जावें लागतें.

थंडावा ही एके काळीं उष्ण देशांत दुरून आणावयाची वस्तु होती. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें १८३३ सालीं अमेरिकेंतील गोठलेला बर्फ जहाजांत भरून कलकत्त्यास धाडला. प्रवासास सुमारें चार महिने लागले, आणि वाटेंत बराच बर्फ वितळूनहि उरलेला विकला गेला. पुढें मुंबईकरांनाहि हा अमेरिकन बर्फ मिळूं लागला. परंतु समुद्रावर अवलंबून असलेली ही चैन केव्हांहि बंद पडण्यासारखी होती. फ्रेंच संशोधक फेर्दिनां कार्रे यानें १८५९ सालीं दुसरा मार्ग दाखविला. अमोनिया वायु पाण्यांत फार मोठ्या प्रमाणांत विरघळतो. तें पाणी तापविलें कीं तो बाहेर पडतो. त्यास दाबाखालीं निववून द्रवरूप दिलें आणि मग त्याची वाफ होऊं दिली, तर तो भोंवतालची उष्णता शोषून घेतो. अशा रीतीनें अग्नीनेंच बर्फ तयार करणारें यंत्र जन्मास आलें. १८६१ ते १८६५ या काळांतील अमेरिकन यादवी युद्धांत दक्षिणेकडील राज्यांची नाकेबंदी झाली व उत्तरेचा बर्फ मिळेनासा झाला. तेव्हां कार्रेचीं यंत्रें ती नाकेबंदी चुकवून दक्षिणेंत पोंचलीं.

कार्रेच्या यंत्रांत एक उणीव होती. त्याच्या एका भागांत दाब जास्त व दुसऱ्यांत कमी असे, म्हणून द्रावण परत ढकलण्यास पंप लागे. कारखान्यास हें चाले. घरच्या स्वयंपाकघरास चालत नसे. ही अडचण १९२२ सालीं स्टॉकहोम येथील तंत्रविद्यापीठांतील बाल्तझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनीं दूर केली. दोघेहि पंचविशीच्या आसपासचे होते. त्यांनीं नळ्यांत हायड्रोजन हा तिसरा सोबती घातला. त्यामुळें सर्व यंत्रांत एकूण दाब जवळजवळ सारखाच राहतो. पण जेथें हायड्रोजन भरलेला असतो तेथें अमोनियाच्या वांट्यास थोडाच दाब येतो, आणि म्हणून तो तेथें सहज बाष्परूप होतो. दाबाचा भेद नाहींसा झाला, आणि त्याबरोबर पंपहि गेला.

मग द्रावण चढतें कसें आणि उतरतें कसें? तळाशीं ज्योतीनें तें उकळतें. उठणारे बुडबुडे अरुंद नळींतून पाणी वर ढकलतात, जसें कढत्या चहाचें आधण भांड्याच्या कांठाकडे धांव घेतें. अमोनियाची वाफ अधिक वर जाऊन निवते व तिचा द्रव होतो. तो द्रव पेटीच्या आंतल्या नळ्यांत ओघळतो, तेथें वाफ होऊन थंडावा देतो, आणि शेवटीं पाण्यांत पुन्हां विरघळून ज्योतीकडे परततो. या सर्व प्रवासांत हलणारा एकहि भाग नाहीं. म्हणून पेटी निःशब्द. चढण्याचें काम बुडबुड्यांचें, आणि उतरण्याचें काम केवळ पृथ्वीच्या आकर्षणाचें.

१९२५ सालीं इलेक्ट्रोलक्स कंपनीनें हा शोध विकत घेतला, आणि अमेरिकेंत सर्व्हेल कंपनीनें त्यावर गॅसच्या शीतपेट्या काढल्या. त्याच सुमारास बर्लिनमधील एक कुटुंब शीतपेटींतून गळलेल्या विषारी वायूनें मेल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन व झिलार्ड यांनींहि हलते भाग नसलेली पेटी योजिली. तिचें अमेरिकन पेटंट १९३० सालीं मिळालें, परंतु ती बाजारांत आली नाहीं. इकडे प्लाटेन-मुंटर्स यांची पेटी रॉकेलच्या ज्योतीवर वीज नसलेल्या गांवीं पोंचली. पुढें १९७४ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम हातीं घेतल्यावर खेडोपाडींच्या दवाखान्यांत लसी याच जातीच्या पेट्यांत राखल्या गेल्या. तेथेंहि पेटी सपाट ठेवणें हा पहिला नियम होता. कारण पेटी कलली तर लस तापे, आणि तापलेली लस टोंचून मुलाचें रक्षण होत नसे.

चाकांवरच्या घरांत हीच पेटी दुसऱ्या महायुद्धानंतर रुजली. पूर्वीं तेथें बर्फाची पेटी असे. बाटलींत भरलेला गॅस सुलभ झाल्यावर तोच थंडावाहि देऊं लागला. आयोवा संस्थानांतील विनेबागो कंपनीनें १९६६ सालीं मोटारघरें बांधावयास घेतलीं, आणि पुढें हा प्रवासी संसार फार वाढला. परंतु घर डोंगरउतारावर उभें राहिलें कीं नळ्यांचा बारीक उतार बिघडे. द्रव नळींच्या वळणांत सांचून राही व ज्योतीकडे परतत नसे. तळाचें भांडें कोरडें पडूं लागे, ज्योत मात्र जळतच असे. पोलाद गंजूं नये म्हणून द्रावणांत घातलेला क्रोमेट क्षार अति उष्णतेनें वेगळा होऊन घट्ट बसे आणि अरुंद नळी कायमची बुजे. मग गाडी कितीहि सपाट केली तरी पेटी जिवंत होत नसे. म्हणून निर्मात्यांनीं सामान्यतः बाजूस ३ अंश व दुसऱ्या दिशेस ६ अंश अशी मर्यादा घातली. ३ अंश म्हणजे १ मीटर रुंदींत सुमारें ५ सेंटिमीटर, एवढेंच. नवल असें कीं, धांवत्या गाडींत हा धोका फारसा नसतो. रस्त्याच्या हेलकाव्यांनीं द्रव एका जागीं सांचत नाहीं. संकट असतें तें स्थिर उभें राहण्यांत.

आज बॅटरीवर चालणाऱ्या, दाबयंत्राच्या शीतपेट्या मोटारघरांत शिरत आहेत. त्या उताराची इतकी पर्वा करीत नाहींत. तरी ज्योतीची पेटी अद्याप नामशेष झालेली नाहीं. मानवानें तिला बर्फाच्या जहाजांतून, पंपांतून आणि विजेच्या तारांतूनहि मुक्त केलें. पण ज्या आकर्षणाच्या बळावर ती चालते, त्याचा मान तिला राखावाच लागतो. चाकाखालीं सरकविलेली फळी हा त्या मानाचाच वांटा होय. दूध, अन्न आणि रुग्णाचें औषध यांचें रक्षण त्या फळीवर अवलंबून असतें.