गोकाकचा गेंडा

बेळगावच्या खडेबाजारात इतिहासाचा विषय निघाला की बोलणे किल्ल्यातील कमलबस्तीपर्यंत, सौंदत्तीच्या रट्टांपर्यंत, फार तर हलशीच्या कदंबांपर्यंत जाऊन थांबते. दीड हजार वर्षे म्हणजे आपल्या दृष्टीने पुष्कळ झाली. परंतु याच जिल्ह्यात, येथून सुमारे साठ किलोमीटरवर गोकाकच्या परिसरात, चिकदौली या गावाजवळच्या नाल्याकाठी गेल्या शतकाच्याही मागील शतकात एक असा पुरावा हाती आला, की ज्याच्यापुढे हे सर्व राजवंश कालपरवाचे वाटावेत. तो पुरावा म्हणजे एका गेंड्याच्या दगड झालेल्या अस्थी.

ही वार्ता आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवर आली असेल. म्हणून ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

अस्थीचा दगड कसा होतो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या देवघरातच आहे. गंडकी नदीतून येणारा शालिग्राम आपण पिढ्यान्‌पिढ्या पूजितो. त्याच्या पोटातील चक्र म्हणजे, भूस्तरशास्त्राच्या मते, कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या व आज समूळ नष्ट झालेल्या एका शंखधारी प्राण्याचा ठसा होय. तो सागरतळ उचलला जाऊन हिमालय झाला आणि नदीने ते दगड खाली आणले. हे कळल्याने पूजेला बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. उलट हातातील शिळेचे वय उमगून मस्तक अधिकच नम्र होते. अस्थींचेही तसेच घडते. मेलेले जनावर नदीच्या गाळात त्वरित पुरले गेले, तर त्याची हाडे कुजून नाहीशी होण्याऐवजी जमिनीतील पाण्याबरोबर येणारी खनिजद्रव्ये त्यांत शिरतात आणि सहस्रावधी वर्षांनी हाडाचा आकार तसाच राहून त्याचा दगड बनतो.

चिकदौलीच्या या अस्थींचे शास्त्रीय वर्णन करणारे गृहस्थ म्हणजे रॉबर्ट ब्रूस फूट. १८३४ साली इंग्लंडात जन्मलेले फूट १८५८ मध्ये भारतीय भूस्तर सर्वेक्षण खात्यात दाखल झाले आणि त्यांनी आपली सारी उमेद दक्षिण हिंदुस्थान पायाखाली घालण्यात वेचली. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे त्यांना मानवाने घडविलेले दगडी हत्यार सापडले. या देशातील मनुष्याची वस्ती किती पुरातन आहे, या विचाराला तेथून नवी दिशा मिळाली. पुढे दक्षिण महाराष्ट्र म्हणून त्या काळी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलखाची त्यांनी पाहणी केली. घटप्रभा व मलप्रभा या नद्यांची खोरी, गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून कोसळतो तो कठीण वालुकाश्म, त्याला लागून पसरलेला काळा पाषाण, या सर्वांचा वृत्तान्त देणारा त्यांचा ग्रंथ १८७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी दोन वर्षे, १८७४ साली, चिकदौलीच्या गेंड्यावरचा त्यांचा प्रबंध कलकत्त्याहून निघाला होता. ही जात निराळी आहे असे ठरवून फूट यांनी तिला ‘ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस’, म्हणजे दख्खनचा गेंडा, असे नाव दिले.

अशा शोधांची परंपरा त्यापूर्वीच उत्तरेत सुरू झाली होती. सहारनपूरच्या सरकारी बागेचे प्रमुख डॉक्टर ह्यू फाल्कनर आणि कालव्यांचे काम पाहणारे अभियंता प्रोबी कॉटली यांनी शिवालिकच्या टेकड्या धुंडाळून अस्थींचे मोठे भांडार जमविले. जिराफाच्या कुळातील, परंतु देहाने थोराड आणि डोक्यावर चार शिंगे बाळगणाऱ्या एका प्राण्याला त्यांनी १८३६ साली ‘शिवथेरियम’, म्हणजे शिवाचा पशू, असे नाव दिले. खंबायतच्या आखातातील पिरम बेटावर मिळालेल्या त्याच्या एका भाईबंदाला पुढे ब्रह्मदेवाचे नाव मिळाले. शिवालिकात प्रचंड कासवाचे अवशेष आढळले, तेव्हा फाल्कनर यांना आपल्या पुराणांतील पृथ्वी तोलणाऱ्या कूर्माची आठवण झाली व त्यांनी विद्वानांच्या सभेत तिची चर्चाही केली. अवतारकथेचा उगम अस्थींत शोधावा, असे आमचे म्हणणे नाही. पण परदेशी संशोधकाला येथील भूमीचे नवल सांगताना येथील देवतांची नावे घ्यावीशी वाटली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातही गोदावरीच्या गाळात, नांदूर मधमेश्वर येथे, एका महाकाय हत्तीची कवटी मिळाली. तिचे वर्णन १९०५ मध्ये पिलग्रिम यांनी केले. नर्मदेवरून ज्याचे शास्त्रीय नाव पडले तोच हा हत्ती, आणि पृथ्वीवर वावरलेल्या सर्वांत मोठ्या हत्तींत त्याची गणना होते.

गेंडा तर आपल्या स्मृतीतून कधीच पुरता गेला नाही. संस्कृतात त्याला गंडक व खड्ग अशी नावे आहेत. श्राद्धकर्मात त्याच्या शिंगाच्या पात्राची, खड्गपात्राची, महती सांगितलेली आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ मध्ये जी चार भारदस्त धातुशिल्पे सापडली, त्यांत रथ, हत्ती व रेडा यांच्यासह गेंडाही आहे. चिकदौलीचा गेंडा या सर्वांहून कितीतरी प्राचीन. गेंड्याला चिखलात लोळण्यास डबकी लागतात, चरण्यास मुबलक हिरवा चारा लागतो. गोकाकच्या आजच्या उन्हाळ्यातील माळ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या काळच्या घटप्रभेच्या काठाचे चित्र डोळ्यांपुढे आणताना नवल वाटल्यावाचून राहणार नाही.

फूट १९१२ मध्ये निवर्तले. मलप्रभेच्या खोऱ्यातील दगडी हत्यारांचा अभ्यास पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी नेटाने चालविला. तथापि हे ज्ञान ग्रंथालयांत राहिले. खेड्यापाड्यांत उतरले नाही. गोव्याच्या कुलदैवतांना जाताना चोर्ला घाटाच्या माथ्यावर कणकुंबीला मलप्रभेच्या उगमी आपण हात जोडतो. पण हीच नदी खाली आपल्या गाळात काय सांभाळून आहे, याची पुसटशीही कल्पना आपल्याला नसते. नदीकाठची वाळू उपसली जाते, विटांसाठी माती खणली जाते, विहिरींसाठी सुरुंग लागतात. एक फावडे चुकीचे पडले तर लक्षावधी वर्षे टिकलेली वस्तू क्षणात चूर होते, आणि राजवाड्याप्रमाणे तिचा जीर्णोद्धार करता येत नाही.

म्हणून आमच्या शेतकरी व व्यापारी बांधवांस एवढीच विनंती आहे. खणताना वजनाने जड, दगडासारखे झालेले हाड किंवा दात आढळल्यास ते फोडू नये व घरी नेऊ नये. ज्या थरात सापडले ती जागा तशीच ठेवून जवळच्या महाविद्यालयातील जाणत्यांस कळवावे. ज्या थरात अस्थी मिळाली तो थरच तिचे वय सांगतो, जागा सुटली की तिची अर्धी साक्ष गेली. देवळाच्या आवारातील भग्न वीरगळही आपण जपून भिंतीला टेकवून ठेवतो. तीच आस्था या अधिक जुन्या रहिवाशांच्या वाट्याला यावी.