आजार उलटल्यानंतर : प्रस्तावना

अंडाशयाचा कर्करोग बहुतेक वेळा पोटात पसरल्यावरच कळतो. पोट फुगते, चार घासांत भरल्यासारखे होते, आई पित्ताच्या गोळ्या घेत राहते आणि सोनोग्राफी होईपर्यंत आजार तिसऱ्या टप्प्यात गेलेला असतो. मग मोठी शस्त्रक्रिया, कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलची केमो. बहुतेकींना गुण येतो. पण इतक्या उशिरा निदान झालेल्यांपैकी बहुसंख्य स्त्रियांचा आजार पुढे उलटतो. तिथून पुढे मुलांनी करायची शुश्रूषा हा या अभ्यासाचा विषय.

पहिल्या खेपेला सगळे घर बरे होण्याच्या मागे असते. आजार उलटला की तो आटोक्यात ठेवणे हाच बहुधा उपचारांचा हेतू उरतो. हे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन सांगतात आणि मुलगा ते आईपासून लपवतो. या क्षेत्राचा पहिला प्रश्न मला इथेच दिसतो : निर्णय कोणाला विचारून घ्यायचा?

आजार उलटतोय का, याचा माग ठेवणाऱ्या सीए-१२५ या रक्ततपासणीचे पाहा. आकडा ३५च्या वर गेला की घराची झोप उडते. २०१०मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये गॉर्डन रस्टिन आणि सहकाऱ्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. केवळ आकडा वाढला म्हणून लगेच केमो घेतलेल्या स्त्रिया, त्रास जाणवेपर्यंत थांबलेल्यांपेक्षा जास्त जगल्या नाहीत. केमोचे हाल मात्र त्यांच्या वाट्याला आधी आले. पुढे ओलापॅरिबसारखी औषधे आली, निवडक रुग्णांना दुसऱ्या शस्त्रक्रियेचा फायदाही दिसला, तेव्हा हा निष्कर्ष सरसकट लावू नये. पण आकडा थोडा वाढला असताना नातीच्या लग्नाला जाऊन येऊ का, हे आईने डॉक्टरांना मोकळेपणी विचारावे, एवढा आधार त्या चाचणीने नक्की दिला.

घरातली खरी ओढाताण जेवणावरून होते. पोटात पाणी साठलेल्या बाईला ‘एक घास तरी खा’ म्हणून मागे लागणारी लेक प्रेमानेच बोलत असते, पण आईला ते ओझे होते. तिची भूक आजाराने मेलेली असते. पाणी काढल्यावर तीच कधी आपणहून वाटीभर पेज मागते. ओकाऱ्या थांबत नसतील, कळा येऊन वारा सरत नसेल, तर मात्र आतड्यात अडथळा असू शकतो. घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.

उपशामक सेवा शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवू नये, केमोबरोबरच सुरू करावी, असे मी आग्रहाने म्हणेन. आणि आईत या कर्करोगाशी जोडलेला बीआरसीए जनुकाचा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, मुलग्यांतही.

विद्यार्थ्यांनी हे पुस्तक क्रमाने वाचावे. ज्यांची आई आज डे-केअरमध्ये सलाइन लावून पडली आहे, त्यांनी पुढच्या भेटीत डॉक्टरांना काय विचारायचे ते आधी तिलाच विचारावे आणि कागदावर लिहून न्यावे. बाकीची प्रकरणे नंतर वाचली तरी चालतील.