पन्हाळ्याचा दिवा, चंद्रपूरची राख

महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार अशा ओळींच्या सोबतीला 'इंधन समायोजन आकार' नावाची एक ओळ असते. कोळसा महागला की ती फुगते. पन्हाळ्यावरच्या ग्राहकाची कोळशाशी गाठ पडते ती एवढ्या एका ओळीत. गडावरून ना चिमणी दिसते, ना राख. म्हणूनच 'आपल्याकडची लाईट पाण्यावरची' हा समज कोल्हापूर भागात पक्का बसला आहे. त्याला आधारही आहे, पण तो निदान पन्नास वर्षांपूर्वीचा. पुढचा इतिहास आपण हिशेबात घेतलाच नाही.

जुना भाग अभिमानाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाचे काम सुरू केले. 1922 मध्ये ते गेले तेव्हा काम अर्धवटच होते आणि स्वातंत्र्यानंतर ते पुरे झाले. तिथले वीजघर जेमतेम 4.8 मेगावॉटचे. खरा भार उचलला कोयनेने. 1960 साली राज्य वीज मंडळ झाले, 1962 मध्ये कोयनेच्या पोफळी वीजघराची जनित्रे फिरू लागली आणि काही वर्षे महाराष्ट्राचा बराचसा उजेड सह्याद्रीच्या पाण्याचाच होता. 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाने थेट मुंबईचा वीजपुरवठा विस्कळीत केला, यावरून ते अवलंबन किती होते हे कळते. पण कोयनेला एक मर्यादा आहे आणि ती यंत्रांची नसून पाण्याची आहे. कृष्णा खोऱ्याच्या बच्छावत लवादाने विजेसाठी पश्चिमेकडे वळवायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून टाकले. तेवढ्या पाण्यातून वर्षाला साधारण 300 कोटी युनिट वीज निघते. कोयनेची क्षमता 1,960 मेगावॉट. पूर्ण ताकदीने चालवली तर वर्षाचे पाणी दोनेक महिन्यांतच संपेल. म्हणून ती संध्याकाळच्या चढत्या मागणीसाठी राखून वापरतात. उरलेला दिवस आणि रात्र निघते ती मुख्यतः कोळशावर. साधारण 1970 ते 1985 या दीड दशकात एकलहरे, परळी, कोराडी, चंद्रपूर ही केंद्रे उभी राहिली. 1973 मध्ये कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि वर्धा खोऱ्याचा कोळसा घरचाच होता. सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटरवरचे चंद्रपूर पन्हाळ्याला असे जोडले गेले.

आणि हे केवळ मुंबईच्या गिरण्यांसाठी घडले, असे म्हणून पश्चिम महाराष्ट्राला सुटता येणार नाही. पन्हाळ्याच्या एका अंगाला कासारी, दुसऱ्या अंगाला वारणा. दोन्ही खोऱ्यांतला ऊस नदीवरच्या उपशावर वाढला. पाच अश्वशक्तीची मोटर आठ तास चालली की तीस युनिट होतात. औष्णिक केंद्रात त्यासाठी वीसेक किलो कोळसा जळतो, सात-आठ किलो राख मागे उरते आणि अठ्ठावीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शेतात दिसते ते फक्त पाटाचे पाणी. गडावरच्या अंबरखान्यातल्या गंगा कोठीत वेढ्याच्या दिवसांसाठी धान्य भरून ठेवता येई; वीज तशी भरून ठेवणे अजून महागच आहे, म्हणून मोटर सुरू झाली की कुठेतरी भट्टीत कोळसा पडावाच लागतो.

यावर कोणी म्हणेल, वीज जवळच्या उपकेंद्राकडून वाहते, तेव्हा आमच्या तारांत कोयनेचीच वीज. वाहण्यापुरते ते खरेही असेल. पण पाणी मोजकेच आहे. कोयनेचे जे युनिट इथे खर्च होते, ते दुसरीकडे उरत नाही आणि तिथे कोळसा जाळावा लागतो. हिशेब साऱ्या जाळ्याचा मिळूनच धरावा लागतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: कोळशाची वीज स्वस्त होती, तिच्याशिवाय गावोगाव दिवा पोचला नसता. हे मला मान्य आहे. कोळसा निवडणाऱ्यांना मी दोषी धरत नाही. स्वस्ताई मोजताना काय वगळले, एवढाच माझा प्रश्न आहे. औष्णिक केंद्राला पाणीही भरपूर लागते. 2015 च्या दुष्काळात परळीचे संच पाण्याअभावी बंद ठेवावे लागले. पर्याय पाहायचे तर वारणानगरच्या साखर कारखान्याचा उसाच्या चिपाडावरचा 44 मेगावॉटचा सहवीज प्रकल्प पन्हाळा तालुक्यातच आहे, पण चिपाड मिळते मुख्यतः गाळपाच्या हंगामात. शेतीपंपांसाठी 2017 पासून आलेली सौर कृषी वाहिनी योजना दिवसाचा भार हलका करू शकते आणि मला तीच सर्वांत आशेची वाटते; रात्रीचा प्रश्न मात्र उरतो.

2005 मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि हिशेबही विभागला गेला. धूर वीज बनवणाऱ्या महानिर्मितीचा, बिल महावितरणचे. केंद्र सरकारने डिसेंबर 2015 मध्ये औष्णिक केंद्रांच्या गंधकवायूवर मर्यादा घातली, मुदती वाढत गेल्या, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून सूट मिळाली. चंद्रपूर गंभीर प्रदूषित क्षेत्रात येते, त्यामुळे तिथला निर्णय स्वतंत्रपणे व्हायचा. ती यंत्रणा बसली तर तिचा खर्च वीजदरातून, म्हणजे पन्हाळ्याच्याही बिलातून, वसूल होईल. नाही बसली तर बिल तेवढे कमी राहील आणि फरक चंद्रपूरच्या फुफ्फुसांवर पडेल.