तबल्यानं मार्क वाढते का?

गेल्या दिवाळीत केळझरला घरी होतो. फराळ सुरू असताना दादाने सगळ्यांसमोर विचारलं, "तू तं इंजिनिअर हायेस. सांग बरं, तबल्यानं मार्क वाढते का?"

पुतण्या यंदा दहावीला आहे. आठवड्यातून तीन संध्याकाळी तबल्याचा क्लास असतो. तेवढा वेळ गणिताच्या ट्यूशनला दिला तर बरं, असा दादाचा हिशेब. पोरगा काही बोलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. मला अवघडल्यासारखं झालं, कारण मीही दहावीतच खंजिरी सोडली होती. तेव्हा घरात कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. अभ्यास आहे म्हटल्यावर विषय संपला होता.

केळझर नागपूर-वर्धा रस्त्यावर आहे. बाहेरच्यांना ते सिद्धिविनायकामुळे माहीत असतं. भीमाने बकासुराला मारलं ती एकचक्रनगरी म्हणजे हेच गाव, असं आमच्याकडे सांगतात. पण दादाच्या प्रश्नाशी जास्त जवळचा इतिहास इथून अर्ध्या-पाऊण तासावर, वर्ध्यात घडला.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते गांधीजी. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीकडे अभ्यासक्रम आखायचं काम गेलं. हीच पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली वर्धा योजना. सूतकताई, शेती असा एखादा उद्योग शिक्षणाच्या मध्यभागी आणि बाकीचे विषय त्याला जोडलेले, एवढं आपण पुस्तकात वाचलेलं असतं. पण त्या विषयांच्या यादीत मातृभाषा, गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला यांच्या बरोबरीने संगीतही होतं, हे मला अलीकडेपर्यंत माहीत नव्हतं. तेही स्नेहसंमेलनापुरतं नाही. मुलांना चांगली गाणी यावीत, हाताने ताल धरता यावा, सगळ्यांनी मिळून गाता यावं, अशी अपेक्षा होती.

ही योजना काटकसरीची होती. शाळेतल्या उद्योगातून शिक्षकाचा पगार निघावा, इथपर्यंत तिचा आग्रह होता. अशा योजनेत संगीत कशाला? गांधीजींचं म्हणणं साधारण असं, की हाताला वळण लावतो तसं आवाजालाही लावायला हवं. कवायत, हस्तकला, चित्रकला आणि संगीत बरोबरीने शिकवलं तर मुलाला शिकण्यात गोडी वाटते. त्यात नोकरीचं आश्वासन कुठेच नव्हतं.

आपल्या काळात मात्र संगीताला आश्वासन द्यावंच लागतं. त्याची सुरुवात बऱ्याच अंशी १९९३ची. अमेरिकेतल्या ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला आणि आकृत्यांच्या एका चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले. हा परिणाम पंधरा मिनिटांत ओसरला. पण बातमी ओसरली नाही. १९९८मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने तर प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी पैसा मागितला.

ऐकणं वेगळं, शिकणं वेगळं. २००४मध्ये ग्लेन शेलेनबर्ग या मानसशास्त्रज्ञाने टोरांटोत सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट केले. दोन गटांना संगीत, एकाला नाटक आणि एकाला काहीच नाही. वर्षाअखेरीस सगळ्यांचाच बुद्ध्यांक वाढला. संगीतवाल्यांचा इतरांपेक्षा जवळपास तीन गुणांनी जास्त. पुढे २०२०मध्ये साला आणि गोबे या दोघांनी असे ५४ अभ्यास एकत्र तपासले. त्यात जवळपास सात हजार मुलं होती. निष्कर्ष असा, की प्रयोग जितका काटेकोर, तितका फायदा शून्याकडे सरकतो.

मग गाणारी-वाजवणारी मुलं पुढे चमकलेली का दिसतात? माझ्या कामात रोज पडणारा प्रश्न आहे हा. दोन आकडे एकत्र वाढले म्हणजे एकाने दुसऱ्याला वाढवलं असं नसतं. ज्या घरात क्लासची फी परवडते, पोराला नेण्या-आणण्याला कुणीतरी असतं, त्या घरात पुस्तकंही असतात आणि ट्यूशनही.

कधी तर बाण उलटाच असतो. मूर्तिजापूरला जन्मलेले, नागपुरात गाणं शिकलेले वसंतराव देशपांडे कित्येक वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. गाण्याने नोकरीत बढती दिली म्हणून आपण त्यांना ओळखत नाही. नोकरीने घर चालवलं आणि गाणं जगवलं. १९६७चा 'कट्यार काळजात घुसली'मधला खाँसाहेब त्यानंतरचा.

तरीही गाण्याबाहेर काही घडतच नाही, असं वर्धा जिल्ह्यात बसून म्हणता येत नाही. तुकडोजी महाराजांचं शाळेतलं शिक्षण जेमतेम प्राथमिक. हातात खंजिरी. त्या खंजिरीभोवती गावोगाव माणसं जमली, सामुदायिक प्रार्थना सुरू झाली, गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा उभ्या राहिल्या. १९४२च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या आष्टीत आणि शेजारच्या चिमूरमध्ये लोक उठले, तेव्हा इंग्रज सरकारने या भजन म्हणणाऱ्या माणसालाही तुरुंगात टाकलं. खंजिरीने त्यांचा बुद्ध्यांक वाढला की नाही, हे सरकारने तपासलं नसावं. ती वाजली की माणसं एका तालात येतात, एवढं मात्र त्याला नीट कळलं होतं.

त्या रात्री भजनी मंडळात जाऊन बसलो. एका काकांनी खंजिरी पुढे केली. दोन आवर्तनांत हात चुकला. कुणी हसलं नाही. शेजारच्याने फक्त टाळ थोडा मोठा केला, म्हणजे मला सम सापडावी. ऑफिसातल्या चांगल्या टीममध्येही असंच होतं, पण ते मी खंजिरीमुळे शिकलो असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही. पंधराव्या वर्षी सोडलेली गोष्ट अठ्ठाविसाव्या वर्षी हातात येत नाही, एवढंच त्या रात्री पक्कं कळलं.

घरी येऊन दादाला म्हटलं, "मार्क नाही वाढत, दादा. त्याच्यासाठी शिकवत असशील तं आजच बंद कर."

"मंग?"

"त्याले आवडते. आणि थो चांगला वाजवते."

दादा बराच वेळ काही बोलला नाही. मग पुतण्याला हाक मारली आणि परीक्षा होईपर्यंत तीनऐवजी एक दिवस क्लास, असं ठरवलं. गणिताची ट्यूशनही लागली.

मागच्या रविवारी फोन केला तेव्हा दादाच्या मागून तबला ऐकू येत होता. "अभ्यास कर म्हटलं, तं हे चालू हाये," दादा म्हणाला. पण थांबव असं त्याने पोराला सांगितलं नाही.