जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनातील ‘नॉकिंग’: निदान आणि प्रतिबंध

कसारा, वरंध किंवा आंबेनळी घाटाच्या चढणीवर जुनी मोटारसायकल चालवणाऱ्यांना एक आवाज चांगलाच परिचयाचा असतो. वेग मंदावलेला, गिअर वरचा आणि ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण पिळलेली असताना पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा टणटण आवाज इंजिनातून येऊ लागतो. तो ऐकून अनेक जण गाडी गॅरेजमध्ये नेतात आणि इंजिन खोलून घेतात. बोअर केला जातो, पिस्टन आणि रिंग बदलल्या जातात, हजारो रुपये खर्च होतात. परंतु पुढच्या घाटात आवाज पुन्हा ऐकू येतो. कारण हा आवाज भाग झिजल्याचा नसून इंधन चुकीच्या रीतीने जळत असल्याचा असतो. याउलट, आवाजाकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केल्यास पिस्टनला भोक पडून इंजिन कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. त्यामुळे इंजिन खोलण्यापूर्वी आवाज ओळखणे अत्यावश्यक ठरते.

नॉकिंग म्हणजे काय?

निर्दोष इंजिनात प्लगची ठिणगी पडल्यावर ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे क्रमाक्रमाने पसरते. या ज्वलनामुळे दाब वाढतो आणि कोपऱ्यात उरलेले पेट्रोल-हवेचे मिश्रण आणखी दाबले जाऊन तापते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच हे मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लहरी सिलिंडरवर आदळतात. तोच हा आवाज. या लहरींमुळे पिस्टनच्या माथ्यावरील वायूचा संरक्षक थर विस्कटतो आणि धातूला थेट उष्णता लागते. पिस्टनची कड खरवडल्यासारखी दिसणे, रिंगांमधील भाग तुटणे आणि हेड गॅस्केट फुटणे हे त्याचे परिणाम होत.

आपोआप पेटण्यास पेट्रोल किती विरोध करते, हे ऑक्टेन क्रमांक सांगतो. १९२१ मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांनी शिशाचे संयुग मिसळल्यास नॉकिंग थांबते, हे दाखवून दिले. त्यानंतर अनेक दशके जगभर शिसेयुक्त पेट्रोल वापरले गेले. त्याचे आरोग्यावरील घातक परिणाम लक्षात घेऊन भारतात १९९५ पासून महानगरांत शिसेविरहित पेट्रोलची विक्री सुरू झाली आणि फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच बंधनकारक झाले.

आवाजावरून निदान

आवाज कोणत्या स्थितीत येतो, यावर निदान अवलंबून असते.

- टॅपेट: इंजिन उभ्या जागी चालू असतानाही येणारी बारीक, एकसारखी टिकटिक. भाराचा तिच्यावर फारसा परिणाम होत नाही. टू-स्ट्रोक इंजिनात टॅपेट नसतात.
- पिस्टन व बोअर: सकाळी थंड इंजिनात पोकळ थपथप येते आणि इंजिन तापल्यावर ती कमी होते.
- कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग: खालच्या भागातून येणारे जड, खोल ठोके. हा आवाज आल्यास गाडी पुढे चालवू नये.
- टायमिंग चेन: इंजिनाच्या एका बाजूने येणारी खरखर, विशेषतः मूठ सोडताना.
- नॉकिंग: इंजिन तापल्यावर, भार असताना आणि मूठ पिळतानाच येणारा टणटण आवाज.

शंका असल्यास साधी चाचणी करावी. चढणीवर आवाज सुरू होताच मूठ थोडी सैल करून एक गिअर खाली घ्यावा. आवाज तत्काळ थांबला, तर तो बहुधा नॉकिंगचाच असतो. झिजलेल्या बेअरिंगचा ठोका असा पूर्णपणे नाहीसा होत नाही.

त्यानंतर प्लग काढून पाहावा. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर ज्वलन ठीक आहे. तो पांढराफटक असल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडत असावे किंवा इंजिन अति तापत असावे. त्यावर मिरपुडीसारखे काळे किंवा ॲल्युमिनियमचे चमकदार कण दिसले, तर नॉकिंगने पिस्टनला इजा होऊ लागली आहे, असे समजावे.

प्रमुख कारणे

पहिले कारण टायमिंगचे. ठिणगी नेमून दिलेल्या क्षणापेक्षा लवकर पडली, तर दाब अवेळी वाढतो. जुन्या बुलेट, येझदी, राजदूत अशा पॉइंट असलेल्या गाड्यांत हा दोष वारंवार आढळतो. पॉइंटमधील अंतर वाढले की ते लवकर उघडतात आणि ठिणगीही लवकर पडते. त्यामुळे अंतर फीलर गेजने मोजून नंतरच टायमिंग लावावे. वेगानुसार ठिणगी पुढे नेणारी वजने व स्प्रिंग असलेल्या इंजिनांत स्प्रिंग सैल पडणे किंवा वजने अडकणे, हेही कारण असते. ‘पिकअप’ वाढवण्यासाठी अंदाजाने टायमिंग पुढे घेण्याची काही गॅरेजमधील पद्धत इंजिनाच्या मुळावर येते.

दुसरे कारण कार्बनचे. हेड आणि पिस्टनवर साचलेल्या थरामुळे ज्वलनकक्ष लहान होतो आणि दाब वाढतो. शिवाय तापलेला कार्बन ठिणगीआधीच मिश्रण पेटवू शकतो. हेड घासून सपाट केले असल्यास किंवा पातळ गॅस्केट बसवले असल्यासही दाब वाढतो.

तिसरे कारण मिश्रणाचे. कार्ब्युरेटरचा जेट तुंबला किंवा कार्ब्युरेटर व हेड यांच्या जोडातून हवा शिरली, तर मिश्रणातील पेट्रोल कमी पडते. चोक किंचित ओढल्यावर आवाज घटला, तर दोष इथे आहे असे मानावे. इंजिन चालू ठेवून जोडावर साबणाचे पाणी लावल्यास आणि इंजिनाचा सूर बदलल्यास गळती सापडते. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये प्रमाणापेक्षा जास्त ऑइल ओतल्यास इंजिन सुरक्षित राहते, हा गैरसमज आहे. ऑइल वाढले की तेवढे पेट्रोल कमी होते आणि कार्बनही वाढतो.

चौथे कारण भेसळीचे. रॉकेलचा ऑक्टेन क्रमांक फारच कमी असल्याने थोडी भेसळही नॉकिंगला पुरेशी ठरते. इंधन भेसळीचे हे जाळे किती निर्ढावलेले होते, याची जाणीव जानेवारी २०११ मध्ये मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला झाली. ठराविक पंपावर पेट्रोल भरल्यानंतरच आवाज येत असेल, तर ग्राहकाने तेथे फिल्टर पेपर चाचणीची मागणी करावी. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावर डाग न ठेवता उडून जातो.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल आणि जुन्या गाड्या

वीस टक्के इथेनॉल असलेल्या ई-२० पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली व पुढे ते देशभर पोहोचले. इथेनॉलचा ऑक्टेन क्रमांक जास्त असल्याने केवळ या अंगाने पाहता नॉकिंग कमी व्हावयास हवे. मात्र इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो. नव्या गाड्यांतील इंजेक्शन प्रणाली इंधनाचे प्रमाण स्वतः जुळवून घेते. जुन्या कार्ब्युरेटरला ते शक्य नसते. परिणामी मिश्रण फिके पडून इंजिन अधिक तापू शकते. जुने रबरी भाग कडक होणे किंवा फुगणे, टाकीतील गाळ सुटून जेट तुंबणे, असेही प्रकार घडतात. इथेनॉल पाणी शोषून घेते. त्यामुळे पावसाळाभर गाडी उभी राहणार असेल, तर कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवणे हिताचे. प्लग सतत पांढरा दिसत असल्यास जाणकार मेकॅनिककडून एक क्रमांक मोठा मेन जेट बसवून घ्यावा.

महागडे, अधिक ऑक्टेनचे पेट्रोल हा मात्र सरसकट उपाय नव्हे. टायमिंग किंवा कार्बनचा दोष असेल, तर अशा पेट्रोलने आवाज दबतो, दोष कायम राहतो.

प्रतिबंधासाठी

- चढणीवर किंवा डबल सीट असताना वेळीच गिअर खाली घ्यावा. कमी वेगात वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नये.
- सिलिंडरच्या पंखांवरील चिखल व तेलकट थर नियमित स्वच्छ करावा.
- उत्पादकाने सांगितलेल्या उष्णता क्रमांकाचाच प्लग वापरावा.
- एअर फिल्टर काढून गाडी चालवू नये.
- पॉइंट, टायमिंग आणि ऑइलची पातळी प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासावी.
- हेड उघडल्यास कार्बन लाकडी किंवा पितळी पट्टीने काढावा. पोलादी हत्याराने पिस्टनला ओरखडे पडतात.

टायमिंग, प्लग, कार्ब्युरेटर, कार्बन या क्रमाने तपासणी केल्यास बहुतांश दोष बोअरला हात न लावता दूर होतात. दुरुस्तीला गाडी देताना ‘इंजिन वाजते’ एवढेच न सांगता, आवाज थंड इंजिनात येतो की तापल्यावर, उभ्या गाडीत की चढणीवर, हे सांगितल्यास मेकॅनिकचे काम सोपे होते आणि मालकाचा अनाठायी खर्च वाचतो.